झाकण

खाणीतली वाळू संपली तेव्हा गावानं तिथं शर्यतीचा रस्ता आखला.
आता मे ते सप्टेंबर, दर दुसऱ्या रविवारी,
भंगारातून उठवलेल्या गाड्या तिथं धुरळा उडवतात.
काचा काढलेल्या, दारं वेल्डिंगनं बंद,
बाजूला ब्रशनं रंगवलेलं बेकरीचं नाव.
शर्यत संपली की कुणीही ठरलेली रक्कम मोजावी
आणि हवी ती गाडी न्यावी. मालकाला नाही म्हणता येत नाही.
म्हणून इथं कुणी गाडीत पैसा ओतत नाही.
रात्री मात्र ओततात, अख्खा हिवाळाभर.

मी तिसऱ्या वळणावर असते.
नारिंगी जाकीट, दोन झेंडे, सहा-सहा किलोचे दोन सिलिंडर.
एकतीस वर्षं शाळेत तीनशे पोरांचा स्वयंपाक केला,
निवृत्त झाले ती थेट इथं.
इल्पो म्हणतो, तुझं विस्तवावाचून चालतच नाही.

चौथ्या फेरीत सायमीची निळी कोरोला
मातीच्या बांधाला घासत गेली आणि थांबली.
आधी धूर नाही, वास आला. पेट्रोलचा, गोडसर.
मग बॉनेटच्या फटीतून एक पिवळी जीभ,
येऊ का, असं विचारल्यासारखी.

नियम आहे: आधी लाल झेंडा, मग पाय.
मी धावले.

पिन निघेना.
दांडी दाबून धरली की पिन अडकते,
हे नवख्यांना मीच शिकवते, दर वसंतात,
आणि माझीच मूठ आवळलेली.
मूठ सोडली. निघाली.

जाळीमागे तिचा हात,
हातमोज्यात जाड झालेली बोटं
पट्ट्याची कडी चाचपत होती, पोटावर, मग कमरेशी, मग पुन्हा पोटावर.
सतरा वर्षांची आहे. पायांपाशी केशरी उजेड.
मी वारा पाठीशी घेतला, पांढरी पूड तिच्या गुडघ्यांवर मारली,
बाहेरची तार ओढून बॅटरी तोडली,
आणि म्हणाले, खाली बघू नकोस, सायमी, माझ्याकडे बघ,
अंगठ्यानं दाब.
कडी सुटली. ती खिडकीतून माझ्या अंगावर आली,
ओल्या पोत्यासारखी, खोकत.

तेव्हा तिचा बाप पाण्याची बादली घेऊन धावत आला,
आणि मागून वेइयो, बॉनेट उघडायला हात पुढे करून.
मी ओरडले. तीनशे पोरांना गप्प करणारा तो आवाज
अजून माझ्यात आहे, हे मलाही माहीत नव्हतं.
पाणी नको! झाकण नको!
तेलाची कढई पेटली तर झाकण उचलून बघतात का?
दोन बोटांची फट ठेवली, नळी आत घातली,
दुसरा सिलिंडर तळापर्यंत रिता केला.
विझली. पुन्हा पेटली. विझली.

या सगळ्यात दोन गाड्या आमच्या शेजारून गेल्या.
दुसरी, अठ्ठेचाळीस नंबरची, इतक्या जवळून
की तिनं उडवलेली खडी माझ्या पोटऱ्यांवर लागली.
मग कुठे पुढच्या वळणावरच्या पोरानं लाल झेंडा दाखवला.

कागदावर एक ओळ असते: झेंडा किती सेकंदांनी?
मी लिहिलं, मी दाखवला नाही.
तार्या, आमची चिटणीस, म्हणाली, पोरानं दाखवला ना, तेच लिही,
पोरगी तर वाचली.
वाचली. पण ते दोघे वाचले ते नशिबानं,
आणि नशिबासाठी कागदावर रकाना नाही.

संध्याकाळी विक्रीच्या पेटीत
जळक्या कोरोलासाठी एकच चिठ्ठी निघाली.
पूर्ण रक्कम. नंबर अठ्ठेचाळीस.
सायमीचा बाप ती चिठ्ठी उलटसुलट करत राहिला,
मागे काही लिहिलंय का बघत.

रात्री सौनात कानातून पांढरी पूड निघाली.
इल्पोनं पळीभर पाणी तापल्या दगडांवर ओतलं,
फुस्स झालं, वाफ उठली,
आणि तेव्हा, इतक्या तासांनी,
माझे गुडघे थरथरायला लागले.
आणखी ओतू? त्यानं विचारलं.
थांब जरा, मी म्हणाले.
थांब.